अण्णांच्या पोटातली गोत्रं

॥ श्री ॥

नाहूर, मुंबई
२० फेब्रुवारी १९८६

तीर्थस्वरूप सौ. आई यांच्या चरणी जावई श्यामकांतचा शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे इथे सुखरूप आहोत. तुमचा खोकला एव्हाना उतरला असेल आणि माळ्यावरच्या मांजरीची पिल्लं डोळे उघडून स्वयंपाकघरापर्यंत पोचली असतील, असं धरून चालतो. अण्णांची प्रकृती उत्तम आहे. (‘उत्तम’ हा शब्द मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिला आहे. शेजारचा डाग शाईचा आहे, दुसरा कसला नाही.)

मागच्या पत्रात तुम्ही दोनच गोष्टी विचारल्या होत्या. अण्णांचा गुडघा कसा आहे, आणि अनुपमाच्या स्थळाबद्दल अण्णांनी काय ठरवलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येईल, पण पहिल्या प्रश्नातून गेल्याशिवाय तिथे पोचता येत नाही, आणि वाटेत एक हळदीकुंकू आणि मुलुंडचं एक नर्सिंग होम लागतं. (घाबरू नका. अण्णा तिथून परवाच घरी आले, आणि आपल्या पायांनी जिना चढताना आमच्या सोसायटीच्या रंगाला नावं ठेवत होते.)

अण्णा रत्नागिरीहून निघाले ते दोन कामं मनात धरून, हे तुम्हाला ठाऊक आहेच. एक, गुडघा मुंबईच्या डॉक्टरला दाखवायचा. दोन, अनुपमाने पसंत केलेल्या चंद्रप्रकाशला समोर बसवून नाही म्हणायचं. मुलात खोट काढायला जागा नाही. साकीनाक्याला त्याचा औषधाच्या बाटल्यांची बुचं करायचा छोटा कारखाना आहे, बोलायला नम्र आहे, चहा बशीत न ओतता पितो. पण त्याचं गोत्र कौंडिण्य आणि तुमच्या घरचंही कौंडिण्य. पेन्शनीत निघाल्यापासून अण्णांनी ओटीवर बसून गावातली किती सगोत्र स्थळं मोडली, ते तुमच्याइतकं कोण जाणतं? (प्रत्येक मोडलेल्या स्थळामागे चहाचं आधण तुम्हीच ठेवलंत.) बहिणीच्या घरी, म्हणजे आमच्याकडे, राहणारी अनुपमा घाटकोपरच्या बँकेतून यायची, मुकाट्याने जेवायची आणि अण्णांच्या गुडघ्याला तेल लावून द्यायची. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं, आई. तिच्या त्या गप्प राहण्याने घरात कुणाला घास गोड लागेना.

आता गोळ्यांकडे येतो. माझा धंदा म्हणजे डॉक्टरांच्या दारात बसून आमच्या कंपनीच्या दुखण्याच्या गोळीचे गोडवे गायचे आणि जाताना फुकट नमुने ठेवायचे. दारात आमच्यासारखे आणखी चारपाच कंपन्यांचे लोक टाय आवळून बसलेले असतात. वेळ जात नाही म्हणून आम्ही आपापसांत नमुने बदलतो, शाळेत पोरं तिकिटं बदलतात तसे. त्यामुळे आमच्या कपाटात दुखण्याच्या गोळ्यांची सगळी जात नांदते. पिवळ्या, लाल, गुलाबी, अर्ध्या हिरव्या अर्ध्या पांढऱ्या.

जानेवारीच्या शेवटी मी दौऱ्यावर नाशिकला असताना मृणालिनीने संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. वाण म्हणून साबणाच्या डब्या द्यायच्या ठरल्या होत्या. मुलुंडच्या दुकानदाराने ऐनवेळी हात वर केले, दारात बायका येऊन उभ्या, आणि तुमच्या लेकीने (तिची हुशारी तुमच्याकडून आली आहे, असं ती म्हणते) माझं कपाट उघडलं. गोळ्यांच्या पट्टीवर ‘विक्रीसाठी नाही’ असं स्पष्ट छापलेलं होतं, म्हणजे ती वाटण्यासाठीच आहे, असा तिने सरळ अर्थ लावला. चार बिल्डिंगमध्ये असं वाण कुणी दिलं नव्हतं. बायकांनी रंग बघून पट्ट्या निवडल्या. तळमजल्याच्या सोनूबाईंनी तर हिरवी परत करून साडीला शोभणारी गुलाबी मागून घेतली.

नाशिकहून येऊन मी कपाट उघडलं तर ते अर्धं रिकामं. ही औषधं आहेत, कुणी कशावर काय घेईल सांगता येत नाही, म्हणून तसाच उठून दारोदार पट्ट्या परत मागत फिरलो. पहिलंच दार समोरच्या शेवंतीबाईंचं. त्या मालवणच्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, “भावजी, वाण परत मागूचा नसता. माझो घोव जितो आसा अजून!” आतून त्यांचे यजमान खाकरले, बहुधा पुरावा म्हणून. सौभाग्याचं वाण परत मागणारा पुरुष म्हणून माझी कीर्ती जिन्याने माझ्या आधी वर पोचली. दुसऱ्या दारावर मी बेल न वाजवताच परत फिरलो.

मग मी ठरवलं, परत मिळत नाहीत तर निदान घरातल्यांना तरी समजावून सांगावं. आणि आई, इथेच माझं चुकलं. रोज सकाळी दाढी करताना मी या औषधांच्या वर्गीकरणाचा तक्ता मोठ्याने घोकतो, कारण साहेब कधी विचारतील याचा नेम नसतो. सॅलिसिलेट, प्रोपिऑनिक ॲसिड, ॲसेटिक ॲसिड, फेनामेट, ऑक्सिकॅम, पायराझोलोन. अण्णा आतल्या खोलीत संध्या करत असायचे. त्यांना चाल आवडली. (पहिले दोन दिवस ते याला स्तोत्रच समजत होते आणि माझ्याबद्दल त्यांचं मत सुधारलं होतं.) तिसऱ्या दिवशी त्यांनी हे काय आहे म्हणून विचारलं, आणि मी त्यांना उमजेल अशा भाषेत सांगायला गेलो. म्हटलं, अण्णा, ही औषधांची गोत्रं.

अण्णांचा चेहरा असा उजळला की आमच्या लग्नातही उजळला नव्हता. सासऱ्याशी बोलायला मला पाच वर्षांत एक विषय मिळाला नव्हता, तो त्या सकाळी मिळाला. ते पाट घेऊन समोर बसले. सॅलिसिलेट गोत्राचा मूळपुरुष कोण? म्हटलं, विलो नावाच्या झाडाची साल, तिच्यापासून पुढे ॲस्पिरिन. झाड मूळपुरुष असल्याचं ऐकून ते प्रसन्न झाले. आयब्युप्रोफेन कुणाचं? प्रोपिऑनिक गोत्राचं. इंडोमेथासिन? ॲसेटिकांकडचं. पायरॉक्सिकॅम? ऑक्सिकॅम, घराणं अलीकडचं, पण वजनदार. अण्णांनी त्या गोत्रांचे प्रवर, म्हणजे ऋषी, विचारले तेव्हा माझी दांडी उडाली, पण एकूण सकाळ फार आनंदात गेली. डब्यातल्या पोळ्या गार झाल्या तरी मी उठलो नाही.

आता अण्णांनी त्यातून काय घेतलं ते ऐका. मुलुंडच्या डॉक्टरांनी गुडघ्यासाठी त्यांना आयब्युप्रोफेनची एकच गोळी दिली होती, जेवणानंतर दिवसातून तीनदा. अण्णांनी विचार केला, प्रोपिऑनिकवर पुन्हा प्रोपिऑनिक, म्हणजे उघड उघड सगोत्र. असला संबंध त्यांनी आयुष्यात कुणाचा होऊ दिला नाही, तो स्वतःच्या पोटात कसा होऊ देतील? तेव्हा त्यांनी माझ्या कपाटात उरलेल्या नमुन्यांतून रीतसर स्थळं पाहिली. एक प्रोपिऑनिकांकडची, एक ॲसेटिकांकडची, एक ऑक्सिकॅमांकडची, तिन्ही गोत्रं भिन्न, आणि रोज दोन्ही जेवणांनंतर तिघांना एकाच घोटाबरोबर घरात घेऊ लागले. मला यातलं काही माहीत नव्हतं. गुडघा एकदम हलका झाला, ते मुलुंड स्टेशनपर्यंत काठीशिवाय फिरून आले, आणि मी इकडे डॉक्टरांना अभिमानाने सांगत सुटलो की आमच्या सासऱ्यांना बघा.

पुढे त्यांनी आमटी सोडली. मग लोणचं सोडलं. मृणालिनीने विचारलं तर म्हणाले, मुंबईचं पाणी.

अशात एका रविवारी सकाळी चंद्रप्रकाश यायचा होता. अण्णांनी धोतर बदललं, टोपी घातली, नकाराचं भाषण आदल्या दिवसापासून तयार होतं. अनुपमा स्वयंपाकघराच्या दाराशी उभी. अण्णांनी सुरुवात फार सुरेख केली. मुलगा म्हणून आपण सर्वतोपरी योग्य आहात, परंतु गोत्र, एवढं म्हणाले, पोट धरलं आणि उलटी केली. ती थेट त्या मुलाच्या पांढऱ्या पँटीवर, आणि रंग कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट. औषधाच्या धंद्यात असल्यामुळे तो रंग कशाचा असतो हे मला ठाऊक होतं. आई, खरं सांगतो, मी नुसता ‘अण्णा, अण्णा’ करत राहिलो. चंद्रप्रकाशने अण्णांना लहान मुलासारखं उचललं, तीन जिने उतरला, आणि खाली उभ्या असलेल्या आपल्या कारखान्याच्या टेम्पोत बुचांच्या खोक्यांमध्ये मऊ जागा करून निजवलं. वाटेत अण्णांनी डोळे उघडून त्याला विचारलं, “परंतु गोत्र, इथपर्यंत मी आलो होतो ना?” तो म्हणाला, “हो अण्णा. बाकीचं बरे झाल्यावर सांगा.”

नर्सिंग होमचे डॉक्टर माझ्या चांगल्या ओळखीचे. दर महिन्याला मी त्यांच्या टेबलासमोर बसून आमची गोळी पोटाला किती सौम्य आहे ते सांगतो आणि ते घड्याळ बघतात. या वेळी त्यांना वेळच वेळ होता. पोटात जखम होऊन रक्त आलं होतं, वेळेवर आणलं म्हणून थोडक्यात निभावलं, असं ते म्हणाले. मग अण्णांच्या खाटेशी बसून त्यांनी नीट समजावलं. ही विभागणी औषधाच्या घडणीवरून केलेली असते. घडण निराळी असली तरी शरीरात ही सगळी मंडळी एकच काम करतात. ज्या पदार्थामुळे सांधा सुजतो आणि दुखतो, तो हे बनू देत नाहीत. पण पोटाच्या आतल्या अस्तराची राखणही तोच पदार्थ करतो, म्हणून दुखणं थांबतं आणि अस्तर उघडं पडतं. एक घेतलं तरी जपून घ्यायचं. तीन एकदम घेतली की फायदा तिप्पट होत नाही, मार मात्र पोटाला बसतो.

अण्णांनी विचारलं, “मग गोत्रं वेगळी कशाला म्हणता?”

डॉक्टर म्हणाले, “ती कागदावर वेगळी. पोटात गोत्र कोण विचारतं?”

त्यानंतर दिवसभर अण्णा दूध दिलं की प्यायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. आम्हाला वाटलं, अशक्तपणा. (जाता जाता सांगतो. आमच्या बिल्डिंगमध्ये वाण मिळालेल्यांपैकी एकीलाही काही झालेलं नाही. सगळ्यांनी पट्ट्या हळदीकुंकवाच्या डब्यात जपून ठेवल्या आहेत. ज्यांना मी काहीच समजावलं नाही ते सगळे ठणठणीत, आणि ज्यांना समजावलं ते एकटे खाटेवर.) संध्याकाळी चंद्रप्रकाश मोसंबी घेऊन आला, धुतलेली पँट घालून. डाग पुरता गेला नव्हता. अण्णा त्या डागाकडे बराच वेळ बघत बसले आणि मग मला म्हणाले, “श्यामकांतराव, तुमच्या तक्त्यावरून पोटात काय होणार ते मला कळलं नाही. माझ्या तक्त्यावरून या दोघांच्या घरात काय होणार, ते मला कळत होतं असं कशावरून?”

अनुपमा तेव्हा रडली. मीही जरा रडलो, पण मी खिडकीशी उभा होतो.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं आहे. पहिल्याचं, गुडघा पूर्वीसारखाच आहे. मृणालिनीचा आणि अनुपमाचा नमस्कार. मांजरीच्या पिल्लांना आशीर्वाद.

आपला नम्र,
श्यामकांत

ता. क. तिळगुळाच्या पाकिटात मृणालिनीने तुम्हालाही एक पिवळी पट्टी वाण म्हणून पाठवली आहे, असं आज कळलं. ती परत मागत नाही (मी शिकलो आहे). कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवावी, पोटात घेऊ नये.

ता. ता. क. खरं म्हणजे हे पत्र एका विनंतीसाठी आहे. अण्णांनी आम्हाला ‘हो’ सांगितलं, पण गावात कसं सांगायचं हे त्यांना पडलं आहे. इतक्या लोकांची स्थळं मोडली, आता स्वतःच्या मुलीची वेळ आली तर गोत्र सुटलं, असं म्हणतील. गोळ्यांची हकिकत सांगणं त्याहून कठीण. तरी तुम्ही अण्णांना एक खरमरीत पत्र लिहावं, की हे लग्न झालंच पाहिजे, नाहीतर मी अन्नाला शिवणार नाही. म्हणजे त्यांना तुमच्या हट्टापुढे नाइलाजाने मान तुकवता येईल. ही युक्ती माझी आहे, अण्णांना यातलं काही माहीत नाही. त्यांना कळू देऊ नये.

(वेगळ्या अक्षरात)

सौ. स अ. उ. आशीर्वाद. पाकीट मृणालिनीने चिकटवायला माझ्याकडे दिलं होतं, म्हणून वाचलं. जावयाचं अक्षर बरं आहे, मजकूर फार. त्यांनी सांगितल्याप्रमाणे पत्र लिहिणे, पण चांगलं कडक लिही. मिळमिळीत लिहिलंस तर मला मान्य करता येणार नाही. निघताना तू बांधून दिलेला निरगुडीचा पाला मी एस.टी.त विसरलो नव्हतो, खिडकीतून टाकला होता. येणाऱ्या कुणाबरोबर पुन्हा पाठव. गुडघा फार दुखतो.