करड्यातला निळा

प्रिय काव्या,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. समोर हजार माणसं असली तर मी अडखळत नाही. तू एकटी समोर आहेस म्हटल्यावर मात्र पहिल्याच ओळीशी थांबले.

आठवतं, कॉलेजात असताना मी तुमच्याच कारखान्याच्या फाटकासमोर स्टुलावर उभी राहून तुमच्याविरुद्ध बोलले होते? आमच्या वस्तीमागच्या नाल्याचं पाणी बघून तुमच्याकडे आज कुठले टॉवेल रंगतायत ते आम्हाला कळायचं. कधी लाल, कधी जांभळं. तुझे अप्पा बाहेर आले तेव्हा वाटलं, आता पोलिसांना बोलावतात. तर ते म्हणाले, “धम्मा, घसा बसंल की तुजा. आदी च्या घे, मग शिव्या घाल.” त्यांच्यामागे उभी राहून तू माझा शब्द न् शब्द ऐकत होतीस.

मी पुढे सभा गाजवत राहिले. तू कारखाना हाती घेतलास आणि रंगवण्याचं डाइंगच बंद केलंस! आजूबाजूच्या मागांवरच्या ज्या चिंध्या लोक जाळून टाकत, त्या गोळा केल्यास. रंगारंगाने निवडायला वस्तीतल्या बायका बसवल्यास आणि चिंध्या यंत्रात पिंजून त्यांचं पुन्हा सूत काढलंस. चिंधीत रंग आहेच, मग पुन्हा रंगवून पाणी का नासायचं? करडा हवा तर काळा, पांढरा, निळा आणि चिमूटभर लाल मिसळायचा. उरलेला भुसा उशांत, सुताच्या गुंड्यांचे रिकामे पुठ्ठ्याचे कोन सूतवाल्याला परत. कपाटभर पुस्तकं वाचून मी जे ओरडून मागत होते, ते तू न ओरडता केलंस. हे मी सभेत सांगते तेव्हा आमचेच काहीजण नाक मुरडतात, की धम्माताई मालकिणीची आरती करतात. करते! चांगल्याला चांगलं म्हणायला मी कुणाच्या बापाला भीत नाही.

म्हणून हॉटेलवाल्यांनी तुझे करडे टॉवेल तांबूस निघाले असं सांगून परत पाठवले, ते मला माझ्या तोंडावर फेकल्यासारखे वाटले. ‘चिंधीतून चिंधीच निघणार’ असं तुझे चुलते म्हणाले म्हणे. आणि तूही ते खरं मानून यंत्र विकायला काढलंस, पुन्हा डाइंग सुरू करणार आहेस, असं मला मीनाबाईंकडून कळलं. तुझ्याकडे चिंध्या निवडतात त्याच मीनाबाई. काल त्या निवडणाऱ्या सगळ्या बायकांना घेऊन माझ्या दारात आल्या.

अप्पांची रीत तुला ठाऊक आहे: सणाला ज्याने त्याने आपल्याला हवी ती मूठभर चिंधी घरी न्यावी. तुमच्याकडची नागम्मा संक्रांतीला गोधडीसाठी लाल नेते. आमच्या बायकांनी दिवाळीपासून आपापली मूठ न उचलता राखून ठेवली आणि भीमजयंतीला सगळ्यांनी मिळून एकच रंग उचलला. निळा. चिंधीला चिंधी जोडून लांबलचक कापड शिवलं. यंदा मी ज्या व्यासपीठावरून बोलले, त्याला तेच गुंडाळलेलं होतं. त्यावर हात आपटून मी गर्जत होते आणि समोर या बायका पदराआड हसत होत्या.

त्याच दिवसांत तू आजारी अप्पांच्या उशाशी, दवाखान्यात. निळ्याचा ढीग अपुरा पडला, म्हणून रंग मिसळणाऱ्या सोमलिंगने लाल रंगाची भर घातली आणि तुझ्या रागाला भिऊन गप्प बसला. आता बायकांपाशी त्याने ते कबूल केलं. मीनाबाई म्हणाल्या, “आमाला काय ठावं, निळं काडलं की करडं मरतं म्हून? रीतीनंच नेलं, पर काव्याक्काची वाट लागली की. तुमीच सांगा त्येस्नी. तुमाला काय, माईक नसला तरी आवाज हाय.”

काव्या, तुझी पद्धत चुकलेली नाही. फक्त तिच्यातला निळा आमच्या व्यासपीठावर होता. हे सांगायलाच हे पत्र. बायकांनी ते कापड माझ्यासमोर उसवलं. मी अडवलं नाही. मिरवण्यापेक्षा मोठं काम त्या रंगाला मिळत असेल तर मिळू दे. उद्या यंत्र न्यायला माणसं येणार ना? त्यांच्याआधी आम्ही सगळ्या निळी गाठोडी घेऊन फाटकाशी येतोय. एकदा करडा काढून बघ. जुळला नाही, तर तुझ्या डाइंगविरुद्ध बोलायला मी स्टूल सोबत आणतेच आहे. तू आधी चहा टाक.

तुझीच,
फाटकाबाहेरची धम्मप्रिया