आबांची मिशी

रविवार, ता. २२ नोव्हेंबर १९८७, धुळे

सगळ्यात आधी आली ती शेजारची झुंबरबाई. आमचं सामान टेम्पोतून अजून उतरत होतं, तर ही वाटी घेऊन दारात. म्हणे विरजण द्या. विरजण कसलं, नवी माणसं बघायची होती. बघ बाई, पोटभर बघ. मी तिला बसवलं, चहा दिला, आणि मग बाळ दाखवलं. माझ्या पंडितचा मुलगा, लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेला. नाक अगदी माझं आहे. सुनंदा, म्हणजे सून, म्हणते की तान्ह्या बाळाचं नाक कळत नसतं. मला कळतं.

पंडित एसटीत ड्रायव्हर आहे. त्यानं इथे दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि आम्हा दोघांना गावाहून उचलून आणलं. गाव अमळनेरजवळ. माझं माहेर भडगावचं, पण तिथे आता कोणी उरलं नाही, गिरणा नदी तेवढी आहे.

ही वही सुनंदानं दिली. म्हणाली, आई, तुम्ही दिवसभर बोलता, त्यातलं थोडं लिहून काढा. टोमणा होता तो, पण वही चांगली आहे. दुसरी इयत्ता शिकले आहे मी, जोडाक्षरं सोडली तर सगळं येतं.

नवऱ्याचं नाव मी घेत नाही, लिहायचं तर सोडाच. पोरं आबा म्हणतात, मीही आबाच लिहीन. उन्हाळ्यात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. बोलतात, पण थोडं. मिशी मात्र तशीच, जाड, पांढरी, ताक प्यायले की तिलाही अर्धा पेला.

बुधवार, ता. २५

आबांच्या दाढीचं सांगायचं राहिलं. गावाला छगन न्हावी घरी यायचा. इथला दुकानवाला म्हणतो, म्हाताऱ्याला इकडे आणा. कसं आणू, पाठीवर? पंडितनं पत्तीचं यंत्र आणलं, तर आबांनी डाव्या हातानं ते ढकलून दिलं. त्यांना त्यांचा वस्तराच हवा. सारंगखेड्याच्या यात्रेत घेतलेला, हस्तिदंती मुठीचा. पंडितला दाखवला तर तो म्हणाला, मी एसटी घाटातून नेतो, पण हे आपल्याला जमणार नाही.

मग मीच शिकायचं ठरवलं. निघताना छगननं मला सांगितलंच होतं. तीन बोटं पात्याच्या मानेवर, करंगळी शेपटीवर, दुसऱ्या हातानं कातडी ताणायची. वस्तरा दाबायचा नाही, आपल्या वजनानं चालू द्यायचा. आधी फुग्यावर शिका म्हणाला.

बारशाचे फुगे उरले होते. फुगवला, साबणाचा फेस लावला, वस्तरा टेकवला. फट्. बाळ दचकून रडायला लागलं, सुनंदा धावत आली, फेस माझ्या कुंकवापर्यंत. आबा हसले. वारं गेल्यापासून पहिल्यांदा हसले. मी अजून तीन फुगे फोडले, थोडं त्यांना हसवायलासुद्धा.

रविवार, ता. २९

जमलं! दोनदा कापलं, तुरटी लावली, पण जमलं. चाळीस वर्षं या माणसाच्या तोंडाकडे वर बघायची हिंमत नव्हती माझी. आज त्यांचं नाक धरून मान इकडे वळवली, तिकडे वळवली. म्हटलं, आता बोला.

संध्याकाळी मात्र खांदे भरून आले. बाळ रात्रभर जागवतं, आबांना दोनदा कूस बदलून द्यावी लागते. पण गोड थकवा आहे.

मंगळवार, ता. १ डिसेंबर

चुकलं.

नाकाखालची जागा अवघड. आबांना शिंक आली आणि वस्तरा मिशीत शिरला. डावी बाजू अर्धी गेली. सारखी करायला उजवी कापली, मग ती जास्त गेली. शेवटी सगळीच काढावी लागली. वरचा ओठ कधी पाहिलाच नव्हता मी त्यांचा. पातळ आहे, आणि पांढराफटक.

आबांनी डोळे मिटून घेतले. मिशी कधी काढतात ते त्यांना सांगायला नको. घरचं माणूस गेल्याशिवाय आमच्याकडे कोणी मिशीला वस्तरा लावत नाही.

बुधवार, ता. २

सकाळी आबांना ओट्यावर उन्हात बसवलं आणि तासाभरात गल्लीतल्या बायका पदर सावरत आल्या. झुंबरबाई पुढे. आली तीच गळा काढत, "कोण गयं वं माय?" मला हसू आवरेना. म्हटलं, "मिशी गयी वं, माणूस शे!" माणूस आहे, मिशीच गेली, हे कळल्यावर सगळ्या इतक्या हसल्या की बाळ उठलं. झुंबरबाई म्हणाली, पुढल्या वेळी म्हातारीनं वस्तरा घेतला की आधी भांडं वाजवून सांगा.

मिशी काय, येईल परत.

शुक्रवार, ता. ४

दुपारी तीन बायका आल्या. गल्लीतल्या नव्हेत. पदर हनुवटीपर्यंत ओढलेले. आल्या त्या सरळ भिंतीला टेकून बसल्या आणि रडू लागल्या, दुखवट्याला दारावर येतात तशा. मी हसून सगळं सांगितलं, फुगा, शिंक, सगळं. हसल्या नाहीत. चहा ठेवला तर हात लावला नाही. दुखवट्याच्या घरी पाणी घेत नाहीत, पण इथे दुखवटा कुठे आहे?

कुठल्या गावच्या विचारलं, तर पदर आणखी खाली ओढले. मधली एकच बोलत होती, डुलत, पुन्हा पुन्हा. "बिन मायना पोऱ्या." आईवेगळं पोर म्हणत होती.

पाळण्यात बाळ होतं. सुनंदा त्याला दूध पाजायला उठली, तर तिघींनी पदराआडून तिच्याकडे तोंडं वळवली.

उठताना येतो म्हणाल्या नाहीत. "दहावाले येसूत" म्हणाल्या. दहाव्याला येऊ म्हणे, कोणाच्या?

शनिवार, ता. ५

झुंबरबाईला विचारलं. ती काल दुपारभर ओट्यावर मेथी निवडत होती. म्हणते, तुमच्या दारात कोणी चढलं नाही, अक्का, तुम्ही झोपत जा थोडं.

सुनंदाला विचारलं. ती म्हणते, तुम्ही भिंतीशी बोलत होता.

आणि आणखी एक. आबांची दाढी वाढली आहे, पांढरे खुंट हाताला लागतात. वरचा ओठ मात्र गुळगुळीत. पाच दिवसांत एक केस नाही.

रविवार, ता. ६

सकाळी कोनाड्यातला वस्तरा ओला होता. पात्याला फेस. मी हात लावला नव्हता.

आबांच्या ओठावर एक ओरखडा नाही. मी शिकाऊ आहे, मला कळतं. हे माझं काम नाही, मुरलेल्या हाताचं आहे. आबांना विचारलं, कोण करतं? म्हणाले, हात हलका आहे त्याचा.

वस्तरा पेटीत ठेवला. कुलूप लावलं.

सोमवार, ता. ७

पंडित आरशासमोर ओरडला. त्याची मिशी नाही.

माझ्यावरच चिडला. आई, आबांवर शिकलीस तेवढं पुरे होतं ना? आज डेपोत मला सगळे विचारतील कोण गेलं म्हणून. सुनंदा हसत होती. हसू नकोस गं — मी ओरडले तिच्यावर. ती रडली. पहिल्यांदाच ओरडले.

कुलूप लागलेलंच होतं.

पोरगा मिशी आईसाठी काढतो. नवरा बायकोसाठीही काढतो. पंडित पोरगा आहे, नवराही आहे. बिन मायना पोऱ्या — तो कोण? पाळण्यातला, की माझा बत्तीस वर्षांचा?

सुनंदाला आज खोकला आहे. साधाच आहे म्हणते.

मंगळवार, ता. ८

त्या तिघी पुन्हा आल्या होत्या. मी पायाच पडले. म्हटलं, दूधपितं लेकरू आहे, त्याला आई हवी. माझं काय, माझं सगळं पाहून झालं. नातवाचं नाक पाहिलं. मला न्या.

रडायच्या थांबल्या. मधलीनं गाठोडं ठेवलं — हिरवं काही दिसतंय. सवाष्ण जाते तिला हिरवं लुगडं नेसवतात. तिच्या माहेरचे आणतात.

"गुरुवारले येसूत." मिशी गेली त्याला गुरुवारी दहावा दिवस.

उघडायची हिंमत नाही. फार थकले.

बुधवार, ता. ९

सकाळी आबांची दाढी केली. एकदाही कापलं नाही. वस्तरा आपला चालत गेला, छगन म्हणायचा तसा. आबांनी माझा हात धरून ठेवला. म्हणाले, हलका झाला तुझा हात.

सुनंदाचा खोकला वाढलाय. अंग तापलंय. पंडित डॉक्टरांना आणायला गेला.

गाठोडं सोडलं. हिरवंच आहे. सुनंदा पाचवारी नेसते. मी नऊवारी. मोजते — नाकापासून बोटापर्यंत एक वार —

चार झाले. पाच —

पाचाशी घडी आहे. घडी उलगडते. देवा, अजून असू दे —

आहे. आहे अजून! सहा. सात. घडीतून वाळू सांडली मांडीवर. बारीक, ओलसर. गिरणेची वाळू — मी ओळखते, लहानपणी तिच्यातच खेळले. सुनंदाचं माहेर सावदा, तिथली ही नाही —

आठ.

नऊ भरले. माझंच. माझंच आहे.

आतून सुनंदा हाक मारते आहे. ताप उतरला म्हणते, भूक लागली म्हणते. बाळ हसतंय पाळण्यात.

किती सुंदर काठ आहे. असं लुगडं मला कोणी घेतलं नव्हतं.

डोळे मिटतायत. गुरुवारी येसूत म्हणाल्या. दुखवट्याला आलेल्यांना या म्हणत नाहीत, पण मी कधी कोणाला दारातून तसंच जाऊ दिलं नाही. त्या निघताना म्हटलं, गुरुवारी नक्की या —