आबांचा नारळ

रिहे, दसरा, १९८१. संध्याकाळ.

नारळ अजून आबांच्या मांडीवरच आहे.

आबांनी वीस वर्षं शेठची अमेरिकन गाडी चालवली. शेठ जाताना ती त्यांनाच देऊन गेला. पण माझा बाप असून आबांनी मला कधी स्टेअरिंगला हात लावू दिला नाही. "मळके हात हायेत तुझे," म्हणायचे. आता त्यांची नजर गेलीय आणि गाडी माझ्या ताब्यात आलीय. पेट्रोल परवडत नाही, म्हणून उस्मान मिस्त्री आणि मी गोठ्याच्या आढ्याला साखळी बांधून तिचं इंजिन उतरवलं, टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलं. आबांना एवढंच सांगितलं, की दुरुस्ती चाललीय.

आज गाडीला हार घातला. चाकापुढं फोडायला नारळ घेऊन आबा ओट्यावर बसले. मी गाडी सुरू केली आणि नुसती खडखड! आबा ओरडले, "दारात टेम्पो कुणाचा रं? बाजूला घ्यायला सांग, आपली गाडी निघायचीय."

मी म्हणालो, "व्हय आबा, घालवतो त्याला." आणि गाडी घेऊन ताम्हिणीपर्यंत जाऊन आलो. का? मजा वाटली. इथं तरी खोटं कशाला लिहू?

परतलो तर आबा नारळ घेऊन तिथंच. "परत आला का रं त्यो टेम्पो?"

हॉर्न मी जुनाच ठेवलाय. एकदा वाजवला असता, तरी त्यांनी गाडी ओळखली असती. माझा मळका हात हॉर्नवरच होता.

दाबला नाही.