चिठ्ठीमागचा गुडघा

४ जून

ति. ताईस,
प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कागदावरून बोलणी खाल्ली, पोट भरलं. अगं, मापाचा फॉर्म चुकला की वर्कशॉपमध्ये तो रद्द होतो, आणि पाठकोरा कागद टाकून द्यायला तूच मला शिकवलं नाहीस. मागे छापलेला पाय दिसतो, त्याला माझा इलाज नाही. माझ्या चिमणीला तर तो फार आवडतो. घरी पाठवलेल्या पत्रांमागच्या प्रत्येक पायाला ती रंगीत मोजा काढते, असं हिने लिहिलंय.

इथे येऊन पाच महिने झाले. काम तेच. एक पाय गमावलेला माणूस येतो, उरलेल्या मांडीवर मी ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा घेतो, आणि त्यावरून नवा पाय बनतो. मापं घ्यायला एक बाई आहे, तिला सगळे मापवालीच म्हणतात. प्लास्टर घट्ट होईपर्यंत साचा दोन्ही हातांनी तीच धरून ठेवते. काम करताना शीळ घालते. परवा एक म्हातारा रडायला लागला, तर मापवालीने त्याला सांगितलं की नवा पाय तरी कधी दुखणार नाही. म्हातारा हसला. तिचा नवरा सहा वर्षांपूर्वी निघून गेला, पण तोंड पाडून बसलेली मी तिला कधी पाहिली नाही. माझ्याच इमारतीत दोन मजले वर राहते. चहा फार कडक करते. लहानपणी मी खडू खायचो हे तिला सांगितलं, तेव्हापासून प्लास्टरची पिशवी उघडली की आधी मला विचारते, चमचा आणू का म्हणून.

बाकी क्षेम. तुझ्या गुडघेदुखीचं कळव. आहे तो लोभ वाढता ठेव.

तुझा,
खडू


१३ जून

चि. खडूस,
अनेक आशीर्वाद.

हा मायना लिहिताना मला दरवेळी हसू येतं. आज आलं नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मापवाली ओळीओळीला आली, तुझी बायको एकदा, तीही मोज्यांपुरती. तिची शीळ कळली, चहा कळला, मजलासुद्धा कळला. चर्चला जातोस की नाही ते मात्र कुठे कळलं नाही. आई गेली तेव्हा तू सात वर्षांचा होतास. तुझं नाक मी पुसलंय. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. काही नसेल तर ‘नाही’ एवढंच लिही, मी सपशेल माफी मागेन.

तुझी बायको, आपली मास्तरीण, बरी आहे. बालवर्गात यंदा तीस पोरं दिलीत तिला. रोज संध्याकाळी माझ्याकडे वह्या तपासायला बसते आणि तुझं पत्र आलं का विचारते. तिचं तिला येतं, तरी माझ्याकडचंही विचारते.

उत्तर लवकर दे. माया आहे म्हणून बोलते, हे विसरू नकोस.

ताई


२५ जून

ति. ताईस,
सलाम. वि. वि.

‘नाही’ लिहायला बसलो होतो. दोन कागद फाडले.

प्लास्टर घट्ट होताना आतून गरम होतं. साच्याखाली माझे हात होते, वरून तिचे. एप्रिलमधली गोष्ट. प्लास्टर घट्ट झालं तरी तिने हात काढला नाही, आणि मीही नाही. पेशंट छताकडे बघत होता. तेव्हापासून आमचा प्रत्येक साचा लागतो त्यापेक्षा जास्त वेळ घेतो. याच्यापुढे काही झालेलं नाही, हे देवाशपथ सांगतो.

पण मागच्या आठवड्यात ती हसत म्हणाली की रविवारी दुपारी ती एकटीच असते, जेवायला ये, आणि तिचं दार नुसतं अडकतं, त्याला कडी नसते. मीही हसलो. ताई, मला जायचंय. तुझ्याशी खोटं बोलून काय करू? चर्चला जातो, पण शेवटच्या गीताला उठून निघतो. घरी प्रभूची प्रार्थना म्हणायला लागलो की ‘आम्हाला परीक्षेत आणू नकोस’ या ओळीशी जीभ अडते, कारण ती प्रार्थना ऐकली जाऊ नये असंच मला वाटत असतं. आपण लहानपणापासून रोज ती ओळ म्हणतो. ती कशासाठी आहे हे मला आत्ता, सदतिसाव्या वर्षी कळतंय.

हिला सांगू नकोस. मी रजेवर येईन तेव्हा समोर बसून सांगेन. तू तेवढी माझ्यासाठी प्रार्थना कर. रागाव, पण टाकू नकोस.

खडू


९ जुलै, बुधवार

चि. खडूस,
आशीर्वाद. आज ‘अनेक’ म्हणवत नाही.

तुझं पत्र वाचताना गॅसवरचं दूध उतू गेलं आणि मी बघत राहिले. तुला शिव्या द्याव्यात म्हणून पेन उचललं, मग वाटलं आधी प्रार्थना करावी. गुडघ्यावर बसले तर तिथेही शिव्याच सुचल्या. शेवटी प्रभूला म्हटलं, याच प्रार्थना समज.

आता ऐक. परीक्षा झाली यात लाज नाही. दार अडकतं की कडी लागते हे तू लक्षात ठेवलंस, लाज त्यात आहे. देव तुझे पाय बांधून ठेवणार नाही. तुझ्या मुकादमाकडे जा आणि दुसरं काम माग. खोली बदल. ते जमेपर्यंत ती ओळ म्हण. जीभ अडली तरी म्हण, खोटी वाटली तरी म्हण.

एक गोष्ट मी केली आहे. आमच्या बुधवारच्या सभेतला डबा तुला आठवत असेल. ज्याला उघड मागता येत नाही त्याने चिठ्ठी लिहून टाकायची, नाव घालायचं नाही. शेवटच्या गीताला प्रत्येकजण एक चिठ्ठी उचलतो, कुणाला दाखवत नाही, आठवडाभर त्यासाठी प्रार्थना करतो आणि पुढच्या बुधवारी फक्त ‘मिळालं’ किंवा ‘चालू आहे’ एवढंच सांगतो. आज तुझी चिठ्ठी टाकली. घरापासून दूर कामाला गेलेला, बायको-मुलगी असलेला एक भाऊ परस्त्रीच्या मोहात आहे, त्याला धरून ठेव, एवढंच लिहिलं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिलं, घाम निघाला. कागद तुझ्याच पत्राचा घेतला, खालची कोरी पट्टी फाडून. वाया कशाला घालवायचा?

कुणी उचलली ते विचारू नकोस. डब्यात हात घातलेला पाहिला तेव्हा मी गीताच्या पुस्तकात डोकं खुपसलं. पण चांगल्या गुडघ्यांकडे गेली आहे, यात मला शंका नाही.

जप. तुझ्यावरचा माझा जीव अजून जागच्या जागी आहे.

ताई


२४ जुलै

ति. ताईस,
प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

रविवारी, वीस तारखेला, मी गेलो होतो.

आधी पुढचं सांगतो, म्हणजे तुझं दूध उतू जायला नको. आत गेलो नाही. पण नवा शर्ट घालून, दाढी करून दोन जिने चढलो. दाराला हात लावला. आतून शीळ ऐकू येत होती. मग वरच्या पायरीवर बसलो आणि ती प्रार्थना म्हणायला लागलो. ओळीशी अडलो. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा मी मोठ्याने म्हणालो की प्रभू, मला आत जायचंय, मला राहवत नाही, तूच धर. प्रकाश पडला नाही, आवाज आला नाही. शीळ तेवढी थांबली. थोड्या वेळाने पाय माझं ऐकायला लागले, आणि मी खाली उतरलो. चालत चर्चपर्यंत गेलो. दुपारचं बंद होतं. बाहेरच बसून रडलो.

सोमवारी मुकादमाकडे काम बदलून मागितलं. त्याने तयार पाय घासायच्या कामाला लावलं. दिवसभर धूळ, नाकातोंडात. मग मापवालीला सांगितलं की यापुढे मी येणार नाही, बोलणारही नाही. ती म्हणाली की जिन्यातलं सगळं तिने ऐकलं. नको म्हणायचं होतं तर दार वाजवून नको म्हणायचं, तिच्या दाराबाहेर बसून ती रोगराई असल्यासारखी प्रार्थना कशाला करायची? जेवण गार होईपर्यंत ती दाराच्या आत उभी होती म्हणे. एप्रिलपासून हात मीही ठेवला होता, आणि शेवटी सैतान तिला ठरवून आलो.

तर जिंकलो, ताई. तोंड कडू आहे. मोह मेलेला नाही, वर्कशॉपच्या पातळ भिंतीपलीकडून शीळ ऐकू येते आणि मला ओळ म्हणावी लागते. आता जीभ अडत नाही, एवढाच फरक. मला तो कमी वाटत नाही. माझ्या बळावर मी पायरीवर बसलो नसतो. पुढच्या महिन्यात खोलीही बदलतोय.

माझी चिठ्ठी ज्यांनी उचलली त्यांना, नाव न सांगता, निरोप दे. म्हणावं, वीस तारखेला दुपारी तीनच्या सुमारास तुमच्या प्रार्थनेने एका माणसाला कॉलरला धरून मागे ओढलं. त्यांचे फार आभार.

तुझ्या शिव्याही लागू पडल्या. मायेत ठेव.

खडू


६ ऑगस्ट, बुधवार

चिमणीच्या बाबांस,
सलाम. वि. वि.

आभार पोचले. चिठ्ठी माझ्याकडे आली होती.

ताईंना बोल लावू नका. डाव्या हाताने लिहायची त्यांनी फार मेहनत घेतली होती. तीस पोरांची वेडीवाकडी अक्षरं वाचणाऱ्या बाईला ते अक्षर ओळखायला वेळ लागला नसता, पण तिथवर जावंच लागलं नाही. चिठ्ठी वाचली, दया आली, आणि घडी घालायला उलटली तर मागे अर्धा गुडघा छापलेला. खाली नडगीचा तुकडा. असल्या कागदावर पत्रं लिहिणारा माणूस मला जगात एकच माहीत आहे. सभेत शेवटचं गीत चालू होतं. मी ते पूर्ण म्हटलं.

आपला नियम असा की हातात येईल त्याच्यासाठी मागायचं, तो कोण ते शोधायचं नाही. घरी आल्यावर तुमच्यासाठी मागायला बसले तर शब्द फुटेना. मग ठरवलं की हा कुणी परका भाऊ आहे. परक्यासाठी मी आठवडाभर अगदी मनापासून मागितलं. त्याच्या बायकोसाठीही मागितलं, बिचारीला काही ठाऊक नसेल म्हणून. बुधवारी ‘चालू आहे’ सांगितलं आणि चिठ्ठी परत घरी आणली.

काल ताईंकडे जाऊन सगळी पत्रं मागितली. त्यांनी गुपचूप दिली आणि रडल्या. तेव्हा वीस तारखेचं कळलं. तेवढं तुम्हाला सांगायलाच हवं, नाहीतर तुम्ही मला जन्मभर त्याचं श्रेय द्याल. त्या रविवारी तीन वाजता मी घरातले सगळे पडदे काढून धूत होते. प्रार्थना केली नाही. उलट पिळताना मनात म्हटलं, जाऊ दे त्याला, जायचंय तिथे. तुमची कॉलर मी धरली नव्हती. मी सोडली होती. मी सोडल्यावरही ज्याने धरली, त्याचे आभार माना. मीही मानते, पण दात आवळून.

ताई म्हणतात की यामुळे माझा विश्वास वाढायला हवा. देवावरचा वाढला असेल. त्या बाईवर राग यावा म्हणून मी फार प्रयत्न केला, तो टिकला नाही. दारामागे उभी राहिलेली बाई मला कळते. माझा राग जिन्याचाही नाही. सगळ्या महिन्यांत तुम्ही ताईंना मांडी, प्लास्टर, शीळ, चहा सगळं लिहिलंत, आणि मला काय, तर चिमणीने कुठल्या रंगाचे मोजे काढले? तुमचा मोह ताईंना कळला, प्रभूला कळला, त्या बाईला कळला, आणि मला तो डब्यात सापडला.

रजेवर समोर बसून सांगू नका. तुमचं तोंड पाहिलं की मी मऊ पडते, हे तुम्हाला माहीत आहे. आधी लिहा, पहिल्यापासून, माझ्या नावाने. आणि कृपा करून कोरा कागद विकत घ्या. चिठ्ठी सोबत ठेवली आहे. गुडघ्याला मोजा चिमणीने काढला नाही. मी तिला तो दाखवला नाही.

आजच्या सभेत मीही एक चिठ्ठी टाकली. नवरा परत येईल तेव्हा मला दार उघडता यावं, एवढंच लिहिलं. ताईंच्या हाती आली. त्यांनी लगेच ओळखली असेल. मी उजव्या हाताने लिहिली होती.

लोभ आहे का, असं पत्राच्या शेवटी विचारायची रीत आहे. माझ्याकडून विचाराल तर, चालू आहे.

मास्तरीण