कट्टी कापून मोजलेला रेटा

प्रति,
मा. प्रभारी अधिकारी साहेब,
पोलीस दूरक्षेत्र, चिंचदरा (उरलेली इमारत),
जि. नंदुरबार.

विषय : उद्याच्या पंचनाम्यात जेट इंजिनाच्या जीपवर अर्जदारास पुन्हा न बसविणेबाबत.
संदर्भ : दवाखान्यात अर्जदाराच्या खाटेशी उभे राहून आपण दिलेला तोंडी हुकूम.

महोदय,

१. सविनय सादर की, अर्जदार हिलाल पाटील याचा पुतण्या दिनेश याने धडगावच्या घाटात दम तोडलेल्या जीपवर भंगारातले जेट इंजिन चढवले. जीप वाऱ्यापुढे पळवायची, पण आधी इंजिनाचा रेटा मोजायचा, म्हणून तिला साखळीने चिंचेला बांधून मधे मिरची तोलायचा काटा अडकवला. सीटवर वजन हवे म्हणून अर्जदारास नाड्याने आवळले. ब्रेकची चौकशी करता दिनेश म्हणाला, “आबा, ब्रेक कसाले? गाडी ते झाडले बांधेल शे!”

२. साखळी दहा क्विंटल सोसणारी. काट्यावर नऊ भरताच इंजिन बंद करायचे ठरले. आकडा ओरडायला अर्जदाराचा मेहुणा पितांबर, मिरची बाजारातला मापाडी. काटा नऊवर गेला, दहावर गेला, हा जन्माच्या सवयीने ओलीची कट्टी, म्हणजे ओलाव्यापोटी धरायची वजनातली घट, कापून “आठ! आठ!” ओरडत राहिला. “इंजिनमा कसानी ओल रे?” असे अर्जदाराने विचारता, “कट्टी ते कापनीच पडस दाजी!” असे उत्तर आले आणि साखळी तुटली.

३. तुटल्या टोकाने चिंचेची फांदी आणि पितांबरचे दात एकाच फटक्यात नेले. जीपने वाटेतल्या बैलगाडीची दोन शकले केली. बैल अजून जू घेऊन उभे आहेत, त्यांना पत्ता नाही. दानियलभाऊच्या शेडमधील कोंबड्या हवेतच सोलल्या गेल्या व भाजून खाली पडल्या. गावाने फक्त मीठ आणले. अर्जदाराच्या मिशा तिथेच राहिल्या. बरगड्या पुढे आपल्या चौकीत मोडल्या. जीप एका भिंतीतून आत व दुसरीतून बाहेर गेली, जमादारसाहेब खुर्चीसकट लिंबावर गेले.

४. आता आपला हुकूम की, घडले तसे करून दाखवा : तीच जीप, तोच नाडा, तोच अर्जदार. काट्यावरही तोच पितांबर. अर्जदार मरणास भीत नाही. पण मेहुण्याच्या हिशेबाने मरणे त्यास मंजूर नाही.

तरी अर्जदारास सीटवरून वगळावे. ते न जमल्यास पितांबरास काट्यावरून हटवावे. तेही नियमात बसत नसेल, तर साहेबांनी उद्या चौकीत बसू नये. भिंती दोनच उरल्या आहेत, आणि जीपचे तोंड तिकडेच आहे.

चौकीचा हितचिंतक व आपला नम्र,
हिलाल पाटील
(उजवा हात प्लास्टरमध्ये, सबब डावा अंगठा)
दि. १४ जानेवारी २०२५

सोबत :
तुटलेली कडी.
अर्जदाराची मिशी, मिळाली तेवढी.
पितांबरचे दात, कट्टी न कापता.