डावऱ्याच्या बाजूने

बाबा, तुमचा डावरा मागच्या आठवड्यात मस्कतला आला होता. मी त्याला भेटले. ही बातमी सगळ्यात आधी तुम्हाला सांगायची होती. तुम्ही नाही, म्हणून लिहायला बसले आहे. आम्ही अजून अल् घुब्रालाच राहतो, त्याच इमारतीत, फक्त एक मजला वर. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की शेजारी आता सगळे नवे आहेत आणि आपल्या घरात एकेकाळी चार माणसं होती हे त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही. खालचे हार्डवेअरवाले चाचा तेवढे आहेत. त्यांचं दुकान मुलगा बघतो, ते खुर्ची टाकून बसतात आणि मी दिसले की न चुकता विचारतात, ‘काय, या वर्षी संघात गार्ड कोण?’

दादा कॅलिफोर्नियाला शिकायला गेला तेव्हा मी इथल्या इंडियन स्कूलमध्ये होते. मुलींच्या बास्केटबॉल संघात खेळायचे, पण माझा एकही सामना बघायला तुम्हाला कधी सवड झाली नाही. तुम्हाला या खेळाचा नाद लावला तो दादाने. हिवाळ्यात त्याचं घड्याळ आणि आपलं घड्याळ बरोबर समोरासमोर यायचं. आपल्याकडे शुक्रवारची सुट्टीची सकाळ असे तेव्हा त्याच्याकडे गुरुवारची संध्याकाळ, आणि तो कॉलेजच्या जिममधून व्हिडिओ कॉल करायचा. मागे बँड वाजत असे, पोरं घसा फुटेस्तोवर ओरडत असत. एकदा तो फोन मैदानाकडे वळवून म्हणतो, ‘बाबा, तो छोटा बघा, डाव्या हाताने खेळतोय तो. माझ्या स्टॅटिस्टिक्सच्या वर्गात आहे. माझ्या पुढच्याच रांगेत बसतो.’ तुम्ही विचारता, ‘हा करतो काय?’ दादा म्हणतो, ‘पॉइंट गार्ड आहे. चेंडू घेऊन येतो, कोणी कुठे उभं राहायचं ते ठरवतो. स्वतः बास्केट कमी करतो, दुसऱ्यांकडून करवून घेतो.’ तुम्ही रुसैलला रंगाच्या कारखान्यात मेंटेनन्सचे फोरमन होतात. जरा विचार करून तुम्ही म्हणालात, ‘म्हणजे आमच्यातलाच की.’ त्या दिवसापासून तो आपल्या घरात डावरा झाला.

दुसऱ्या वर्षी दादाच्या सायकलला गाडीने उडवलं. कॉलेजपासून अगदी जवळ, भर दुपारी. त्याबद्दल मी लिहीत नाही, तुम्हाला सगळं माहीत आहे. त्याला गावी आणलं, समुद्राकाठी अग्नी दिला आणि आपण तिघं परत आलो. त्यानंतर तुमच्या तोंडून त्याचं नाव मी कधीच ऐकलं नाही. आईने हॉलमध्ये फोटो लावला. तुम्ही त्या भिंतीकडे पाठ करून बसायला लागलात. मला तेव्हा वाटायचं, घरात रडायचं असतं ते कसं रडायचं हे आपल्यापैकी कुणालाच ठाऊक नाही.

मग नोव्हेंबर आला. एका शुक्रवारी मी उठून बाहेर आले तर तुम्ही लॅपटॉपची वायर टीव्हीला जोडत होतात. मला बघून म्हणालात, ‘चहा ठेव. मॅच आहे.’ कोणाची, ते मी विचारलं नाही. तुम्ही सोफ्याच्या कडेवर बसलात, मी खाली जमिनीवर, आणि पडद्यावर तोच बँड वाजायला लागला. आई आतून आली, आवाज ऐकला आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. पुढे कितीतरी शुक्रवार तसेच गेले, आपण दोघं बाहेर आणि ती दाराआड. थोड्या दिवसांनी चाचाही यायला लागले. नमाजला जाण्याआधी त्यांना वेळ असायचा. त्यांना फुटबॉलशिवाय काही कळायचं नाही. तुमच्याजवळ कोणीतरी बसलं पाहिजे म्हणून ते येत असणार, असं आता वाटतं.

डावऱ्याच्या शेवटच्या वर्षी खरी भांडणं झाली. त्याचा घोटा दुखावला होता, पाय पूर्वीसारखा पडत नव्हता. त्याच वर्षी संघात पहिल्या वर्षाचा एक पोरगा आला, बाणासारखा, बघता बघता तिघांना चुकवून बास्केटखाली पोचायचा. संघाच्या चाहत्यांचा इंटरनेटवर एक कट्टा होता आणि तुम्ही त्यावर कधीच जाऊन बसला होतात. तिथे रोज हाणामारी चालायची. कुणी म्हणे नव्या पोराला पहिल्यापासून उतरवा, कुणी म्हणे तो अजून कच्चा आहे, दुसऱ्या कॉलेजातून तयार गार्ड आणा, आणि कुणी म्हणे दोघांना एकत्र खेळवा. डावऱ्याला ठेवा म्हणणारे दोन-तीनच होते, त्यातले एक तुम्ही. कारखान्यातून आलात की हातपाय धुऊन एका बोटाने इंग्रजी टाइप करत बसायचात आणि मला हाक मारायचात, ‘अगो, जरा स्पेलिंग बघ.’ मी वाचायचे. तुम्ही लिहिलेलं असायचं की सगळे कुठे उभे आहेत हे न बघता ज्याला कळतं, त्याला बाकावर बसवू नये. खाली कुणीतरी उत्तर दिलं होतं, ‘मस्कतचे सर, भावनेवर सामने जिंकता येत नाहीत.’ तुम्ही ते दोनदा वाचलंत आणि लॅपटॉप मिटलात.

घरातही तुमच्या बाजूने कोणी नव्हतं. चाचा सरळ म्हणायचे, ‘भाऊ, हा आता खलास. त्या पोराला घ्या.’

‘पोरगा नुसता पळतो. पळणं म्हणजे खेळ नव्हे.’

‘बाबा, गेल्या मॅचला डावऱ्याने पाच वेळा चेंडू घालवला,’ मी म्हणायचे.

‘घालवला नाही. त्याने दिला. घेणाऱ्यांनी घेतला नाही.’

चाचा हसून लोळायचे, मीही हसायचे. तुम्ही हसत नव्हतात. मी स्वतः गार्ड खेळलेली, त्यामुळे मला गप्प बसवत नसे. समोरच्या संघाने पूर्ण मैदानभर दाब टाकला की डावरा अडकतो, त्याला आता वळताच येत नाही, हे मी तुम्हाला पाण्याचे ग्लास टीपॉयवर मांडून दाखवलं. तुम्ही शांतपणे सगळं बघितलंत. मग एक ग्लास उचलून हातात धरलात आणि म्हणालात, ‘तुझं बरोबर आहे गो. खेळ त्याचा संपलाय, दिसतंय मला. पण हा गेला की त्या संघात आपल्या पोराच्या वर्षाचं कोणीच राहणार नाही.’

चाचांनी मान खाली घातली. आत भांड्यांचा आवाज चालला होता तो थांबला. मी टीपॉयवरचे ग्लास गोळा केले. कॉलेजचा संघ चार वर्षांत पुरा बदलतो, हे मला माहीत होतं. जुने जातात, नवे येतात, चाहते नव्यांसाठी भांडतात, खेळच तसा आहे. तुम्ही मात्र त्या बदलत्या संघात एकच माणूस धरून बसला होतात, कारण दादा ज्या जिममध्ये ओरडला, त्या जिममध्ये त्या दिवशी घाम गाळणारा तेवढाच उरला होता. त्या संध्याकाळी मी कट्ट्यावर माझ्या नावाने लिहिलं की डावऱ्यालाच ठेवा. कारण लिहिलं नाही. मला बऱ्याच शिव्या पडल्या.

मार्चमध्ये त्याचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना होता. शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंना त्या दिवशी आईवडिलांबरोबर मैदानाच्या मध्यावर नेतात. एकेकाचं नाव पुकारतात, फुलं देतात, लोक उभे राहतात. डावरा आला. त्याची आई लहानखुरी, रडून डोळे लाल झालेली, त्याच्या दंडाला धरून चालत होती. वडील मागे, कोट घालून, कुठे बघावं कळत नसल्यासारखे. तुम्ही सोफ्यावरून उठून उभे राहिलात. बनियन आणि लुंगीवर, टीव्हीसमोर, आणि टाळ्या वाजवायला लागलात. अगदी सावकाश, एकटेच. तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं. आईचे हात पिठाचे होते. तिने पडद्यावरच्या त्या बाईकडे पाहिलं आणि विचारलं, ‘कोण हो तो?’ तुम्ही म्हणालात, ‘आपल्याच्या वर्गातला.’ आई पिठाच्या हातांनी तशीच तुमच्या जागी बसली. सामना संपेपर्यंत उठली नाही. तुम्हीही बसला नाहीत. नवा पोरगाच जास्त वेळ खेळला, डावरा शेवटची काही मिनिटं आला, आणि तो आत आल्याबरोबर आई म्हणाली, ‘बारीक झालाय.’ जणू तिने त्याला आधी कधी पाहिलं होतं.

पुढच्या नोव्हेंबरात मी वायर जोडली. तुम्ही पेपर वाचत राहिलात. ‘तू बघ,’ म्हणालात, ‘मला त्यातलं आता कोणी ओळखीचं नाही.’ कट्ट्यावर दोन-चार जणांनी विचारलं, मस्कतचे सर कुठे गेले? मी लिहिलं, ठीक आहेत, कामात आहेत. नंतर ते लिहिणंही खोटं ठरलं. तुम्ही कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, खुर्चीवर बसल्या बसल्या गेलात. फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या फॉर्मसाठी फोटो काढून घेत होते. तो फोटो माझ्या फिजिओथेरपीच्या डिग्रीवर आहे. त्यात मी चांगली हसते आहे.

आता मी इथल्याच एका हॉस्पिटलात फिजिओ आहे. कट्टा मी सोडला नाही. या वर्षीही गार्डवरून रण पेटलं आहे, नव्यांची नावं मला धड पाठ होत नाहीत. तिथेच कुणीतरी लिहिलं की आपला जुना डावखुरा आखातात मुलांना शिकवत फिरतो, मस्कतला त्याचं शिबिर आहे. त्या शिबिराला फिजिओ हवी होती. मी गेले.

बाबा, त्याची दाढी पांढरी व्हायला लागली आहे. त्या पायाने किंचित लंगडतो. पोरांशी मात्र मऊ बोलतो, एकेकाच्या खांद्याला धरून कुठे उभं राहायचं ते दाखवतो. दुपारी तो घोटा शेकायला माझ्याकडे आला तेव्हा मी म्हटलं, ‘माझा भाऊ तुमच्या वर्गात होता. स्टॅटिस्टिक्सच्या.’ आणि फोनवरचा फोटो पुढे केला. आम्ही इंग्रजीत बोललो, तुम्हाला मी आपल्या भाषेत सांगते. त्याने फोटो दोन बोटांनी मोठा केला. खूप वेळ पाहिला.

‘उंच होता का?’

‘नाही. माझ्याएवढाच.’

‘मला आठवायला हवं,’ तो म्हणाला. ‘पण त्या हॉलमध्ये शेकड्याने मुलं असायची आणि मी अगदी शेवटच्या रांगेत, बहुतेक वेळा झोपलेलो. त्या वर्षी एक मुलगा गेला, हे आठवतं. सामन्याआधी आम्हाला त्याच्यासाठी उभं केलं होतं. खरं सांगू? माझ्या डोक्यात तेव्हा सामनाच होता. माफ करा.’

माझ्या पुढच्याच रांगेत बसतो, असं दादा म्हणाला होता. त्याची नजर चुकली असेल, किंवा तुम्ही खूश व्हाल म्हणून त्याने तसं सांगितलं असेल. आता कोणाला विचारणार? मी फोन परत घेतला आणि म्हटलं, ‘शेवटच्या वर्षी माझे बाबा तुमच्या बाजूने होते.’

तो हसला. ‘त्या वर्षी माझ्या बाजूने कोणीच नव्हतं. माझे वडीलसुद्धा म्हणायचे, त्या पोराला खेळू दे.’

‘माझे होते. दर शुक्रवारी. सगळ्यांशी भांडायचे.’

तो हसायचा थांबला. पाय माझ्या हातात तसाच होता. त्याने दाराकडे बघून विचारलं, ‘ते आलेत का आज?’

मी मानेनेच नाही म्हटलं. मग त्याच्या घोट्याला पट्टी बांधत राहिले, लागते त्यापेक्षा जास्त.

घरी आले तर आई दारातच उभी. ‘भेटला?’ म्हटलं, भेटला. ‘मग? ओळखलंन का आपल्या पोराला?’ इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे असं काही मागितलं नव्हतं. मी म्हटलं, ‘हो. लगेच ओळखलं. फार हसरा होता म्हणाला.’ आई म्हणाली, ‘होताच तो,’ आणि आत गेली. मग तिने चाचांना सांगितलं, गावाला मावशीला फोन केला, काल पुन्हा आत्याला केला. दर वेळी गोष्ट थोडी वाढते. कालच्या फोनमध्ये डावऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि दोघं डबा वाटून खायचे. मी शेजारच्या खोलीत बसून ऐकत होते आणि ती थांबू नये असं मला वाटत होतं.

हे पत्र जाणार कुठे, ते मला ठाऊक आहे. घरातही ठेवता येणार नाही, आई कपाटं आवरते. लिहून झालं की फाडून टाकीन. पण खरं काय झालं ते कुणाला तरी सांगायचं होतं, ते तुम्हाला सांगितलं. तिथे दादा असेल तर त्यालाही सांगा. आईला मात्र सांगू नका.