कोटाच्या अस्तरातला कागद

आयोवा सिटी, डिसेंबर १८५४

प्रिय केझाया,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. इथला खाणावळवाला टपाल उघडतो असा मला संशय आहे. पाकिटावरची लाख फुटलेली दिसली तर कळव. प्रकृती बरी आहे, लोकरीचे मोजे घालतो.

तू कोटाच्या अस्तरात शिवून दिलेलं, मी निवडून आल्याचं प्रमाणपत्र मी जपलं. सोमवारी विधिमंडळाचं सभागृह भरलं. कारकून म्हणाला, "प्रमाणपत्रं टेबलावर ठेवा." तो विरुद्ध पक्षाचा, नजर चोरटी. मी कोट घट्ट धरून बसलो.

शेजारचे पेटिबोन म्हणाले, "अहो ट्रास्क, द्या की! कागद खाणार आहे का तो?" मला तेही त्यांच्यातलेच वाटले.

मग ज्यांचे कागद टेबलावर होते, त्यांनाच शपथ आणि मताचा हक्क दिला. लगेच सभापतींची निवडणूक झाली. आपला माणूस एका मताने पडला. पूल तोच मंजूर करवणार होता; आता आपल्या नदीवरच्या पुलाचं काही खरं नाही.

शपथ मी दुसऱ्या दिवशी घेतली. अस्तर मात्र फाटलंय.

नदीवरचा बर्फ धरून आहे ना? आपली लेक ल्युसी पलीकडून बाळाला घेऊन त्यावरूनच येते का? वर्तमानपत्र पोचण्याआधी माझं मत हुकल्याचं गावाला तूच सांग. लोक काय म्हणाले ते लवकर लिही. त्याआधी तू काय म्हणालीस ते लिही.

तुझा,
ओबदाया